साडूंची अंडी, माझी शेगडी

पुराव्यावाचून एक वाक्यही तोंडातून न काढणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू या नात्यात मुळातच जरा चढाओढ असते. एकाच घरचे दोन जावई. सासुरवाडीला पाट कोणाचा आधी मांडला, इथपासून ती सुरू होते. पण आमच्या साडूंशी चढाओढ करणं म्हणजे पोस्टाच्या पेटीशी कुस्ती खेळणं होतं. ते रोह्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, नदीपलीकडे अष्टमीत राहायचे, आणि सगळी अष्टमी त्यांना सर म्हणायची म्हणून मीही सरच म्हणायचो. माझा पेणला गणपतींचा कारखाना. या धंद्यात रोज दहा गोष्टी बिनपुराव्याच्या बोलाव्या लागतात. "परवा नक्की देतो." "रंग अजिबात उडणार नाही." "तुमच्यासाठी खास वेगळी काढून ठेवलीय." सर कारखान्यातल्या स्टुलावर बसून हे ऐकत असले की मला उगाच घाम फुटायचा. गिऱ्हाइकासमोर ते काही बोलायचे नाहीत. गिऱ्हाईक गेल्यावर मात्र खरोखरच्या कुतूहलाने विचारायचे, "खास वेगळी ती कुठली हो?" असा हा माणूस एकदा पुराव्यावाचून पहिलंच वाक्य बोलला, आणि तेही माझ्या शेगडीमुळे. ते सांगायलाच बसलो आहे. पण आधी माणूस नीट सांगायला हवा, नाहीतर त्या वाक्याची किंमत कळायची नाही.

त्यांच्या लग्नात भटजींनी 'नातिचरामि' म्हणायला सांगितलं, तेव्हा नवरदेवांनी आधी अर्थ विचारून घेतला आणि मग म्हणाले, "प्रयत्न करीन, असं म्हटलं तर चालेल का?" मी तेव्हा त्या घरचा जावई व्हायचा होतो, पण ही गोष्ट मला माझ्या लग्नाआधी तीन वेगवेगळ्या माणसांनी ऐकवली. रोह्याच्या स्टँडवर 'पेण' पाटीच्या एसटीत ते खिडकीशी बसले होते, आणि खालून एका म्हाताऱ्याने विचारलं, "मास्तर, ही पेनला जाते ना?" तर सर म्हणाले, "पाटी तरी तशी आहे." म्हातारा घाबरून चौकशीच्या खिडकीकडे गेला आणि त्याची गाडी चुकली. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण आणि सरांची बायको, कधी जेवताना विचारायची, "आमटी कशी झालीय?" तर उत्तर यायचं, "कालच्यापेक्षा बरी. परवाची आठवत नाही." माझे वडील गेले तेव्हा लोक येऊन जे बोलायचं ते बोलून जात होते, सुटले बिचारे, पुण्यवान आत्मा, वगैरे. सर बराच वेळ माझ्याशेजारी गप्प बसले आणि उठताना म्हणाले, "मला ते आवडायचे." बाकी कोण काय बोललं ते सगळं मी विसरलो. हे एक लक्षात राहिलं.

अशा माणसाला अंड्यांचं वेड लागावं हेही नवल नाही, कारण अंड्यात काय आहे ते फोडल्यावाचून कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. खायची अंडी नव्हेत, कोंबडीखालची. अष्टमीच्या घरात मागच्या खोलीत थर्मोकोलच्या खोक्यात बल्ब लावून सरांनी अंडी उबवायची पेटी केली होती. तिच्यात वाटीभर पाणी, एक काट्याचा थर्मामीटर, आणि अंडी. कॉलेजातून आले की हातपाय धुवायच्या आधी तिकडे. कवचाला बारीक खिडकी पाडायची, भिंगातून आत बघायचं, आणि खिडकी पुन्हा चिकटपट्टीने बंद करायची. अंडी आणायची ती वाडीवरच्या ठमाबाईकडून, आणि दर वेळी तिला एकच प्रश्न.

"ठमाबाई, घरी कोंबडा आहे ना?"

"हाय ना सर. चांगला तुरेवाला हाय. पुढच्या टायमाला त्यालाच आणू काय सहीला?"

एकदा पावसाळ्यात अंडी गार पडू नयेत म्हणून त्यांनी ती मऊ फडक्यात गुंडाळून सदऱ्याच्या आत पोटाशी बांधली आणि तसेच एसटीत चढले. कंडक्टर ओळखीचा होता. त्याने पोटाकडे बघून विचारलं, "सर, कितवा?" सर म्हणाले, "चौथा दिवस." सगळी गाडी नागोठण्यापर्यंत हसत होती आणि सरांना शेवटपर्यंत कळलं नाही की त्यात हसण्यासारखं काय होतं. आमच्याकडे आले की पाहुणचाराला कोंबडी ठरलेली. पण ती पातेल्यात पडण्याआधी सर स्वयंपाकघरात हजर. पिसं काढलेली कातडी खिडकीच्या उजेडात ताणून धरायचे आणि मला हाक मारायचे. "हे बघा, पिसांची भोकं. कशी ओळीत आहेत बघा, एकाआड एक. लावणी केल्यासारखी." माझी बायको पळी हातात घेऊन उभी. "भाऊजी, ती आता माझी कोंबडी आहे. बाहेर बसा बघू." ते निमूटपणे बाहेर येऊन बसायचे, पण नजर आतच.

आम्ही या सगळ्याला हसायचो. मीच जास्त हसायचो, कारण चारचौघांत हे किस्से रंगवून सांगायची मला सवय होती आणि सरांच्या जिवावर मी पेणमध्ये विनोदी माणूस म्हणून खपत होतो. त्या अंड्यांमागे काय होतं, हे मला माहीत नव्हतं असंही नाही. माहीत होतं. हसताना ते सोयीने बाजूला ठेवता येत होतं, इतकंच.

त्यांची मुलगी मुक्ता लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी जन्मली, तेव्हा तिच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या खाली, तुळशीच्या पानाएवढा एक चट्टा होता, पुढे हाताबरोबर वाढत गेलेला. डाग नव्हे, रंगाने थोडा फिका, इतकंच. पण तिथली कातडी गुळगुळीत, ताणल्यासारखी, चकचकीत. त्यावर एक केस नाही, घामाचा थेंब नाही. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, राहील तसंच, काळजीचं काही नाही. मुक्ताला तर त्याचा फायदाच होता. तिथे बॉलपेन फार छान उठतं असा तिला लहानपणीच शोध लागला, आणि शाळेत जाताना ती त्यावर पाढे लिहून न्यायची. पण ताईची सासू ओटीवर येईल त्या बाईला निकाल ऐकवायची. "ग्रहणात विळीवर बसली होती गो ती. मी सांगत होते, नको. पोटातल्या पोराला ओरखडा गेला, दुसरं काय?" ताई आतून ऐकायची. पुढे तिने मुक्ताला सगळे फ्रॉक लांब बाह्यांचे शिवले. एप्रिलच्या उकाड्यात अष्टमीत लांब बाह्या म्हणजे काय, ते तिथे राहून बघावं.

सरांनी आईशी वाद घातला नाही. त्यांनी पुढच्या ग्रहणाची वाट पाहिली. ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत ते परसात, अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीच्या समोर पाट टाकून, विळीवर भाजी चिरत बसले. दुधी, पडवळ, भोपळा, जे मिळेल ते. आळीतल्या प्रत्येक घरी त्या दिवशी चिरलेली भाजी पोचली आणि एकीनेही ती घेतली नाही. यथाकाल पिल्लं बाहेर आली. सरांनी एकेक पिल्लू हातात धरून आईला चहूबाजूंनी दाखवलं. म्हातारी म्हणाली, "कोंबडीला कुठलं रे ग्रहण लागतंय?" हा मुद्दा सरांनी मान्य केला. "खरं आहे. ते मी तपासलेलं नाही."

पण ताईच्या मनात ग्रहण नव्हतंच. ती शिकलेली बाई. तिच्या मनात वेगळंच होतं. मुक्ता पोटात असताना तिच्या पायाला मोठं गळू झालं होतं आणि त्यापायी आठवडाभर ताप होता. तेव्हा कॉलेजच्या परीक्षा चालू, सर पेपरांच्या गठ्ठ्यात. त्यांना त्रास नको म्हणून ती बोललीच नाही. पोटीस बांधून काम करत राहिली. मुक्ताचा हात बघितला त्या क्षणी तिने ठरवून टाकलं की त्या तापाने झालं. हे तिने माझ्या बायकोला सांगितलं होतं, आणि एकदा, एकदाच, सरांना विचारलंही होतं. "माझ्यामुळे झालं का हो हे?"

तुम्ही आम्ही काय म्हटलं असतं? छे गं, वेडी का काय. मी तर प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हटलं असतं. सर म्हणाले, "माहीत नाही. बघून सांगतो."

तिथून ती अंडी सुरू झाली. 'बघून सांगतो' या दोन शब्दांवर ताई कितीतरी वर्षं थांबून राहिली. आणि सर खरंच बघत होते, यात काही खोट नव्हती. त्यांना वाटत होतं की बायकोने प्रश्न विचारला आहे. बायकोने प्रश्न विचारलेला नव्हता, हे माझ्यासारख्या थापाड्यालाही कळत होतं. ते एकदा त्यांना सांगावं असं मला अनेकदा वाटलं. सांगितलं नाही. साडूने साडूच्या संसारात किती बोलावं, असं स्वतःला समजावलं, आणि पुन्हा कंडक्टरचा किस्सा सांगायला लागलो.

मला त्यांनी ते सगळं समजावलं होतं, माझ्याच कारखान्यात. मी एका ओल्या मूर्तीच्या दंडावरची चीर ओल्या बोटाने पुसत होतो. शाडू ओली असेपर्यंत चीर बोटासरशी मिटते, मागमूस राहत नाही. मूर्ती अर्धवट सुकल्यावर तीच चीर बुजवली तर रंगाखालूनसुद्धा दिसत राहते. सर स्टूल ओढून जवळ आले. "गर्भाच्या कातडीचं थोडं असंच असतं," ते म्हणाले. "थोडंच हं. माती स्वतः काही करत नाही, कातडी करते." मग त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं सांगतो. गर्भाची कातडी आधी अगदी पातळ असते, सायीसारखी. मग तिच्याखाली पेशींचे ठिपके जमायला लागतात, पिलाच्या पाठीच्या मधोमध आधी, आणि तिथून दोन्हीकडे ओळीओळीने. जिथे ठिपका तिथे पुढे पीस, माणसात केस. एवढ्यात तिथे काही खुपलं, सुजलं, तर दाह होतो. "दाह म्हणजे आग विझवायला धावलेली माणसं समजा," सर म्हणाले. "आग विझवतात ती. पण घरात शिरताना सगळं तुडवतात. घर बांधून झालेलं असेल तर निभावतं. बांधकाम चालू असताना घुसली तर भिंतीच वाकड्या उठतात."

"आणि जोतंच घातलं नसेल तर?"

"तर तुडवायला काही नसतं. पुन्हा सरळ बांधतात."

हे त्यांनी ऐकून सांगितलेलं नव्हतं, स्वतः पाहिलेलं होतं. बिब्बा उतला की कातडी कशी सुजते ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. सरांनी बिब्ब्याचं तेल पातळ पातळ करून, सुईच्या टोकावर येईल इतकंच, खिडकीतून पिलाच्या पाठीला लावून बघितलं. फार लवकर लावलं तर पाठ सुजायची, ओसरायची, आणि ठिपक्यांच्या ओळी जणू काही झालंच नाही अशा उमटायच्या. ठिपके जमायच्या ऐन वेळी लावलं तर ओळी मोडायच्या. तेवढ्या जागी ठिपका नाही, आणि कातडीखालचे धागे चटईसारखे उभेआडवे विणले जाण्याऐवजी सगळे एका दिशेने, दाट, ताणलेले. मुक्ताच्या हातासारखे. हे सांगताना त्यांनी मुक्ताचं नाव घेतलं नाही. बराच वेळ त्या मूर्तीच्या दंडाकडे बघत राहिले.

मग त्यांना हवा होता शेवटचा दाखला. ताईचं गळू पायाला होतं. बाळाला कोणी बिब्बा लावला नव्हता. तेव्हा पिलाच्या अंगाला हात न लावता, अंड्यात दुसरीकडेच, बाहेरच्या पडद्यावर दाह उठवायचा, आणि पाठीवरच्या ओळी बघायच्या. त्यांचा विचार असा, की ताप सगळ्या अंगाला येतो, चट्टा एकाच जागी आहे. लांबच्या दाहाने ओळी मोडत नसतील तर ताईच्या तापाने हे झालं असं म्हणायला आधार उरत नाही. माझी बायको म्हणाली, "पण भाऊजी, कोंबडी आणि माणूस सारखंच का?" सर म्हणाले, "नाही. म्हणून मी तिला 'नक्की' म्हणणार नाही. 'बहुतेक नाही' एवढं म्हणू शकेन." पहिल्या काही अंड्यांत ओळी सरळ दिसल्या होत्या. पण तेवढ्यावर बोलणं त्यांना पटेना. एक पुरता संच हवा होता. रिटायर व्हायला आले होते. त्यानंतर कॉलेजचं सूक्ष्मदर्शक हाताशी नसणार. म्हणून त्या श्रावणात त्यांनी तो शेवटचा संच लावला, आणि त्याच आठवड्यात रोह्याच्या कुंडलिका नदीला पूर आला.

अष्टमीत वीज गेली ती दोन दिवस येणार नव्हती. सकाळच्या पहिल्या गाडीने सर आणि ताई पेणला माझ्या दारात उभे राहिले. सरांच्या हातात पेटी, पेटीवर ताईची शाल, आत गरम पाण्याची रबरी पिशवी. ती गार पडत आली की वाटेत स्टँडवरच्या हॉटेलात ताई पुन्हा भरून आणत होती. रात्रभर दोघं झोपलेली नव्हती. वीज पेणलाही नव्हती, पण सीझन असल्यामुळे कारखान्यात जनरेटर चालू होता. सर म्हणाले, "एक बल्ब लावायचा आहे. उद्यापर्यंत."

मी कारखान्याकडे बघितलं. आत मूर्ती ओळीने लागलेल्या, बऱ्याचशांची आखणी झालेली. आखणी म्हणजे डोळे काढणं. आमच्या वडिलांचा नियम होता की डोळे उघडलेल्या मूर्तीसमोर अंडं-मटण आणायचं नाही, सबंध श्रावणात तर डबासुद्धा शाकाहारी. कारागीर हातातले ब्रश थांबवून माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "सर, आत नको. डोळे काढून झालेत हो."

सर म्हणाले, "बरं. नियम तुमचा आहे. मी तो तपासलेला नाही."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. कारखान्यातून एक वायर पडवीत ओढून तिथे बल्ब लावता आला असता, हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं. त्या घटकेला मला सुचली ती शेगडी. पावसाळ्यात मूर्ती सुकायला आम्ही कोळशाच्या शेगड्या ठेवतो. ती ऊब कशी राखायची हे माझ्या हाताला लहानपणापासून माहीत. पडवीत पेटी ठेवली, शेजारी शेगडी मांडली. सरांनी थर्मामीटरवरची तांबडी खूण मला दाखवली. "काटा याच्या वर जाता कामा नये." मी म्हटलं, "सर, जन्म गेला यात. तुम्ही दोघं आत जाऊन पडा जरा." सर उभ्या उभ्या पेंगत होते. ते गेले.

आता आपण एखाद्याला नाही म्हटलेलं असलं की त्याची भरपाई आपण नको तिथे करतो. मी शेगडीत कोळसे जरा जास्तच घातले. अंडी गार पडू नयेत, सरांना वाटू नये की याने हयगय केली. थर्मामीटर बघायला विसरलो नाही. बघायची गरजच वाटली नाही. पेटीला उलटा हात लावून बघितला, छान ऊब होती. शाडूला लागते तशी. तेवढ्यात मुंबईचं एक मोठं गिऱ्हाईक आलं, त्याला त्याच्यासाठी खास वेगळी काढून ठेवलेली मूर्ती दाखवण्यात माझा वेळ गेला, आणि मधून मधून मी पडवीत येऊन दोन कोळसे टाकून जात होतो.

दुपारी सर उठून आले. त्यांनी थर्मामीटर बघितला आणि काही न बोलता शेगडी पायाने लांब सारली. मग खाली बसले आणि एक अंडं उचलून खिडकीची पट्टी सोडवली. मी वाकून बघितलं. आतलं पांढरं गोठून घट्ट झालं होतं. सरांनी दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. सगळी उघडली. प्रत्येकाला भिंग लावलं, अगदी शेवटच्यालासुद्धा, जणू त्यात वेगळं काही असणार. "सर, मी—" एवढं माझ्या तोंडून निघालं असेल.

ताई दारात येऊन उभी होती, खांबाला हात लावून.

"काय निघालं?" तिने विचारलं.

सरांनी भिंग सदऱ्याच्या टोकाने पुसलं. बराच वेळ पुसलं. मग मान वर करून म्हणाले, "ओळी सरळ आहेत." आणि थोडं थांबून, "तुझ्यामुळे नाही झालं. नक्की नाही."

'बहुतेक' हा शब्द कुठे गेला, म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनीही माझ्याकडे बघितलं, आणि मी तोंड मिटलं.

ताई म्हणाली, "बरं." आत गेली. आतून भांड्याचा आवाज आला, नळाचा आवाज आला, मग बराच वेळ कसलाच आवाज आला नाही. नंतर ती तीन कप चहा घेऊन आली. डोळे धुतल्यासारखे दिसत होते. चहात साखर दोनदा पडली होती. सर घोट घेऊन म्हणाले, "चहा गोड झालाय." हे वाक्य मात्र पुराव्याचं होतं.

गणपती झाल्यावर आम्ही अष्टमीला गेलो तेव्हा मुक्ता अर्ध्या बाह्यांच्या फ्रॉकमध्ये अंगणात हुंदडत होती, हातावर निळ्या शाईत कुठल्या तरी राजांची नावं. ताई हसत होती, तिच्या अंगावर मांस आलं होतं. मला आनंद झाला, आणि तो मला पेलवेना. मी सरांना मागच्या खोलीकडे नेलं. तिथे पेटी नव्हती. ठमाबाईला अंडी उबवायला देऊन टाकली होती. मी म्हटलं, "सर, पुन्हा लावा. पेणला माझ्या घरी जागा करतो. जनरेटर, वायर, सगळं माझं. मी स्वतः काट्याशी बसतो."

सर म्हणाले, "आता नाही."

"का पण?"

"उलटं निघालं तर?"

इतक्या हळू ते कधी बोलले नव्हते. इतकी वर्षं जो माणूस जे असेल ते बघायला तयार होता, त्याला आता बघायची भीती बसली होती, आणि ती माझ्या शेगडीने बसवली होती. त्यानंतर सर बदलले. म्हणजे आपल्यासारखे झाले. लग्नाचं आमंत्रण आलं की "नक्की येतो" म्हणायला लागले. भाजीवालीने "ताजी हाय सर" म्हटलं की न बघता पिशवी पुढे करायचे. एकदा माझ्या कारखान्यात बसले असताना गिऱ्हाइकाने विचारलं, "रंग टिकेल ना हो?" आणि माझ्या आधी सर म्हणाले, "टिकेल, टिकेल." लोक म्हणायचे, म्हातारपणी सर माणसात आले. मला त्या स्टुलाकडे बघवत नसे. "खास वेगळी ती कुठली हो?" हे कोणीतरी पुन्हा विचारावं म्हणून मी किती थापा त्यांच्यासमोर मुद्दाम मारल्या असतील. ते नुसते हसायचे.

गेल्या वर्षी सर गेले. मी ताईजवळ बसलो होतो. माणसं येऊन जे बोलायचं ते बोलून जात होती. गर्दी ओसरल्यावर मला राहवलं नाही. एवढी वर्षं पोटात ठेवलेलं मी तिच्यासमोर मांडायला लागलो. "ताई, त्या दिवशी पडवीत—"

"ती अंडी ना?" ताई म्हणाली. "उकडली होती ती, वसंतराव. मी दारातून बघितली. अंडं उकडलंय की नाही एवढं कळायला मला भिंग लागतंय होय?"

मला एकदम सुचलं ते विचारलं. "मग तू त्यांना सांगितलं का नाहीस? ते मोकळे झाले असते. पुन्हा पेटी लावली असती त्यांनी."



"सांगितलं असतं तर ते वाक्य त्यांनी परत घेतलं असतं हो," ती म्हणाली. "त्यांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक नाही का?"

तेवढ्यात मुक्ता बाहेर आली. ती आता नोकरी करते, ठाण्याला असते. बाजारात निघाली होती, चपला शोधत होती. "काका, तुम्ही जेवूनच जा," ती म्हणाली, आणि विसरू नये म्हणून तिने आणायचं सामान पुन्हा एकदा वाचून बघितलं. डावा हात उजेडात धरून, कोपराच्या खाली, जिथे अक्षर छान उठतं तिथे.